निवेदिकेनं फसवलं की कादंबरीनं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत हे नक्की होईल. एका इंग्रजी रहस्यकादंबरीचा मराठी अनुवाद तुम्ही वाचलात. गोष्ट सांगणारी एक नर्स आहे. गावाबाहेरच्या बंगल्यात ती एका श्रीमंत, आजारी म्हाताऱ्याची शुश्रूषा करते. झोपेच्या गोळ्या घेते, "माझ्या आठवणींवर फार विसंबण्यात अर्थ नाही" असं पहिल्याच प्रकरणात मनाशी कबूल करते, आणि रोज रात्री धाकट्या बहिणीशी फोनवर बोलते. म्हातारा मरतो. मग साडेतीनशे पानं आपण त्याच्या पुतण्यावर संशय घेत राहतो. शेवटच्या प्रकरणात कळतं की दुधात औषध कालवलं ते तिनंच, आणि बहीण तर कित्येक वर्षांपूर्वीच वारलेली आहे. पुस्तक मिटल्यावर तुम्हाला चक्क राग आला. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, तीच तर त्यातली गंमत आहे, तुला कळली नाही." तुम्ही विचारता आहात की कमी कुठे पडलं, तुमच्या वाचनात की पुस्तकात?

मीही तुमच्यासारखीच बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचून त्यांवर शेरे लिहिणं, संपादन करणं आणि अनुवाद मुळाशी ताडून पाहणं हे माझं काम. दिवाळी अंकांच्या हंगामात रहस्यकथा बऱ्याच येतात, आणि अलीकडे त्यांतल्या पुष्कळ कथांत गोष्ट सांगणाराच भरवशाचा नसतो. त्यामुळे या प्रकाराशी माझी रोजची झटापट आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला वाटतं की तुमचा राग रास्त आहे. पण मी ते पुस्तक वाचलेलं नाही, आणि तुम्ही अनुवाद वाचला आहे. या दुसऱ्या गोष्टीनं बराच फरक पडू शकतो. तिच्याकडे नंतर येते.

"मला शेवट ओळखता आला नाही म्हणून राग आला असेल का," असंही तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. शेवट न ओळखता येणं ही तर रहस्यकथेच्या वाचकाची खरी हौस. ज्या पुस्तकानं आपल्याला चोख हरवलं त्याचं नाव आपण वर्षानुवर्षं घेतो आणि दहा जणांना ते वाचायला लावतो. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ वेगळीच आहे. शेवट वाचल्यावर तुम्ही मागे गेलात, तिसरं प्रकरण काढलंत, आणि तिथे तुम्हाला त्या रात्रीबद्दल सापडलं: "दहाला मी दिवा मालवते. गोळी चढू लागते. झोप लागते." शेवटच्या प्रकरणाप्रमाणे मात्र त्याच रात्री दहानंतर ती स्वयंपाकघरात उभी राहून दूध ढवळत होती. तुमचा राग नेमका इथून सुरू झाला असणार, आणि खरा प्रश्नही इथेच आहे.

कुठल्याही संशयास्पद निवेदकाची कथा हातात आली की मी आधी दोन गोष्टी शोधते. हा माणूस हे कुणाला सांगतोय? आणि कधी सांगतोय, घटना घडून गेल्यावर की घडत असताना? निवेदक पोलिसांना जबाब देत असेल, वकिलाला पत्र लिहीत असेल, मुलीसाठी डायरी ठेवत असेल, तर खोटं बोलायला त्याला कारण आहे आणि ऐकणारं माणूस आहे. अशा वेळी त्यानं कितीही लपवलं तरी ते त्या पात्राचं लपवणं असतं, आणि वाचक म्हणून आपण ते आनंदानं सोसतो. पण तुमची नर्स वर्तमानकाळात, मनातल्या मनात बोलते. समोर कुणी नाही. ती लिहीतही नाहीये. अंथरुणावर पडल्या पडल्या तिच्या डोक्यात जे चाललंय तेच आपण ऐकतो आहोत, असा करार लेखकानं पहिल्या पानावर आपल्याशी केलेला आहे. मग स्वयंपाकघरात दूध ढवळणाऱ्या बाईच्या डोक्यात "झोप लागते" हे वाक्य आलं कुठून? ते तिचं वाक्य होऊच शकत नाही. ते लेखकानं तुमच्यासाठी, तुम्हाला चकवण्यासाठी तिच्या तोंडी घातलेलं आहे.

याच्या उलट बाजूचं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९२६ साली अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंची एक कादंबरी आली, जिच्यात गोष्ट सांगणाराच खुनी निघतो. पुस्तकाचं नाव घेत नाही. वाचलेल्यांना कळलंच आहे, आणि न वाचलेल्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. तिथला निवेदक हकीकत लिहून काढतोय. लिहायला त्याला कारण आहे: हर्क्युल पॉयरो या गाजलेल्या गुप्तहेराच्या अपयशाची कहाणी म्हणून ती पुढे छापावी, अशी त्याची मनीषा आहे. खुनाच्या संध्याकाळबद्दल तो एकही धडधडीत खोटं वाक्य लिहीत नाही. पत्र आत आणलं ती वेळ तो सांगतो, आपण खोलीतून निघालो ती वेळ सांगतो, आणि मधल्या दहा मिनिटांबद्दल गप्प राहतो. शेवटी ती फट तो स्वतःच आपल्याला दाखवतो, आणि आपल्या लिखाणावर खूष होऊन दाखवतो. ही त्याची आत्मप्रौढी पहिल्या पानापासून कथेत आहे, त्यामुळे खून उघड झाल्यावर माणूस बदलत नाही. तोच माणूस फक्त पूर्ण दिसू लागतो. तुम्ही मागे जाऊन ते पान काढलंत तर राग येत नाही, अंगावर काटा येतो.

तरीही त्या काळी अनेकांना ही फसवणूक वाटली, हेही सांगायला हवं. रोनाल्ड नॉक्स हे धर्मगुरू होते आणि रहस्यकथाही लिहायचे. त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच भेटायला हवा, पण ज्याचे विचार वाचकाला ऐकू दिले आहेत असा तो नसावा. रहस्यकथा-लेखिका डोरोथी सेयर्स यांनी मात्र ख्रिस्तीबाईंची बाजू घेतली, आणि सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं कामच आहे असं म्हटलं. मला नॉक्स यांचा नियम जसाच्या तसा मान्य नाही, पण त्यामागची चिंता अगदी खरी वाटते. माणसाच्या डोक्यात शिरण्याची मुभा वाचकाला एकदा दिली की तिथली जबाबदारी लेखकावर येते. 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ मध्ये रूढ केली. तिच्यातही लेखक आणि निवेदक यांच्यातलं अंतर हाच मुद्दा होता. अंतर असेल तर निवेदकाच्या पाठीमागून लेखक आपल्याला खुणावू शकतो. तुमच्या नर्सच्या बाबतीत ते अंतरच उरलेलं नाही, कारण खोटं बोलण्यात लेखक तिच्याबरोबर सामील आहे.

आता माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा भाग. आमच्या रावपुऱ्यातल्या वाचक मंडळात फौजदारी वकिली करून निवृत्त झालेले एक काका येतात. संशयास्पद निवेदकाचं पुस्तक निघालं की मी त्यांच्याकडे कान लावून बसते, कारण अर्धवट खरं बोलणारी माणसं हा त्यांचा जन्मभराचा विषय. त्यांनी समजावून सांगितलेल्या दोन गोष्टी मी संपादनात रोज वापरते. पहिली अशी की कायद्याच्या नजरेत गाळलेली गोष्टसुद्धा बोलते. साक्षीदारानं पोलिसांपुढच्या जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही आणि कोर्टात ती पहिल्यांदाच काढली, तर ते गाळणं म्हणजे विसंगती ठरू शकते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६२व्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १८१व्या कलमात आलं आहे. दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगाची वाटते. एका बाबतीत खोटा ठरला तो सगळ्या बाबतींत खोटा, असं एक जुनं लॅटिन सूत्र आहे. आपल्या न्यायालयांनी ते सक्तीचा नियम म्हणून मानलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलंय की साक्षीतले दाणे आणि फोलपटं वेगळी करून पाहायची.

पण पाखडायचं कशाच्या आधारावर? साक्षीदाराच्या हाताबाहेर असलेल्या गोष्टींच्या. पंचनामा, डॉक्टरचा अहवाल, दुसऱ्या माणसाची साक्ष, फोनची नोंद, पावतीवरची तारीख. कादंबरीतही अगदी हेच लागतं. गोष्ट एकच माणूस सांगत असला तरी त्या गोष्टीत काही वस्तू, काही माणसं, काही तारखा अशा असाव्या लागतात ज्यांवर त्याची सत्ता चालत नाही. तो त्यांच्याबद्दल सांगतो, पण त्या त्याच्याविरुद्ध बोलतात आणि त्याला ते कळतही नाही. वाचकाला तेवढाच आधार असतो. तो असेल तर निवेदक कितीही खोटारडा असू दे, आपण त्याच्याशी झुंजू शकतो.

तुमच्या कादंबरीत असा आधार मला एकही दिसत नाही. पुतण्या काकांशी भांडला, हे आपल्याला नर्स सांगते. त्याच्या खिशात बाटली होती, हेही नर्सच सांगते. बहिणीचे फोन तर तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत. शेवटी कळतं की ती खोटारडी आहे. मग भांडण झालंच नव्हतं का? बाटली होती का? लेखकाला वाटतं की आपण भांडण खरं मानावं आणि फोन खोटे मानावेत, पण तसं का मानायचं याला पुस्तकात कुठेही आधार नाही. म्हणून शेवट कळताच मागची सगळी पानं एकदम निकामी होतात. तुम्ही "चार संध्याकाळी वाया गेल्या" असं लिहिलंय, ते याच अर्थानं बरोबर आहे. शेवटच्या चार पानांनी आधीची साडेतीनशे पानं खाल्ली.

आणि हे दुरुस्त करणं किती सोपं होतं! त्या बंगल्यात स्वयंपाकीण आहे असं तुम्ही म्हणता. तिनं सकाळी चहा देताना सहज विचारलं असतं, "रात्री कुणाशी बोलत होता हो? फोन तर दिवाणखान्यात आहे." नर्सनं उत्तर दिलं असतं, "बहिणीशी," आणि पुढच्या वाक्याला विषय बदलला असता. पहिल्या वाचनात हे वाक्य कुणाच्याही नजरेतून निसटलं असतं. दुसऱ्या वाचनात हात तिथेच थांबला असता. एवढं एक वाक्य असतं तर मी लेखकाच्या बाजूनं उभी राहिले असते.

मी स्वतः हस्तलिखित तपासताना पानाचे दोन भाग करते. डावीकडे निवेदक काय म्हणतो ते, उजवीकडे तीच गोष्ट इतर माणसं किंवा वस्तू काय सांगतात ते. उजवी बाजू कोरी राहू लागली की लेखकाला फोन करते. एका नव्या लेखकाची बडोद्यातच घडणारी कथा अशी आली होती. निवेदक सांगतो की विश्वामित्रीला पूर आला त्या रात्री आपण मित्राच्या घरी पत्ते खेळत बसलो होतो. शेवटच्या परिच्छेदात तो एकदम कबुली देतो की बसलो नव्हतो. मधे काहीही नाही. कथा वाईट नव्हती, भाषा तर फारच छान होती, पण शेवट वाचून मला तुमच्यासारखंच वाटलं. मी लेखकाला एवढंच विचारलं की त्या रात्री पूल चालू होता का. त्यानं कथा पुन्हा लिहिली. नव्या खर्ड्यात दुसऱ्याच पानावर दूधवाला कुरकुरतो की काल संध्याकाळपासून पुलावरची वाहतूक बंद आहे, त्याला पलीकडे जाताच आलं नाही. पुढे चार पानांनी निवेदक मोठ्या झोकात सांगतो की दहाच्या सुमारास अलकापुरीतल्या मित्राकडून निघालो आणि साडेदहाला स्कूटरवरून रावपुऱ्यात घरी पोचलो. दोन्ही वाक्यं एकमेकांपासून लांब, दोन्ही निरुपद्रवी. अलकापुरी आणि रावपुरा यांच्या मधून नदी वाहते, हे बडोद्याच्या वाचकाला सांगावं लागत नाही. पूर लेखकाच्या मालकीचा नसतो आणि निवेदकाच्या तर नसतोच नसतो, म्हणून त्याची साक्ष पक्की.

सगळं कोडं सुटलंच पाहिजे असा माझा आग्रह मुळीच नाही. र्‍युनोसुके अकुतागावा या जपानी लेखकाची १९२२ची एक कथा आहे. कुरोसावांनी १९५० साली काढलेल्या 'राशोमोन' या चित्रपटामुळे ती जगभर पोचली. बांबूच्या बनात एक मृतदेह सापडतो आणि सात जण आपापलं म्हणणं सांगतात. दरोडेखोर म्हणतो मी मारलं. बायको म्हणते मी मारलं. मेलेला नवरा माध्यमाच्या तोंडून सांगतो की मी स्वतःच जीव दिला. खरं काय ते कथा सांगत नाही, आणि तरी कुणी "फसवलं" म्हणत नाही. कारण या तिघांतलं कुणीही सुटण्यासाठी खोटं बोलत नाहीये, उलट प्रत्येक जण दोष स्वतःकडे ओढून घेतोय. दरोडेखोराला आपलं शौर्य राखायचंय, बाईला आपली अब्रू, मेलेल्याला आपला मान. खुनी कळला नाही तरी तीन माणसं कळतात. खोट्यामागे असं कारण सापडलं की वाचकाची भूक भागते. तुमच्या नर्सला वाचकाशी खोटं बोलायचं काहीच कारण नाही. तिला तर आपण आहोत हेही माहीत नाही.

झोपेच्या गोळ्यांबद्दल थोडं. तुम्ही लिहिलंय की शेवटी निळा ग्लास पाहून तिला ती रात्र सबंध आठवते. ही युक्ती अलीकडे फार चालते आणि ती मला खटकते. काही झोपेच्या गोळ्या घेतल्यावर माणूस अर्धवट झोपेत उठून चालतो, स्वयंपाक करतो, गाडीसुद्धा चालवतो, हे खरं आहे. झोल्पिडेमसारख्या औषधांच्या वेष्टनावर अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये याबद्दल सर्वांत कडक प्रतीचा इशारा छापायला लावला. पण अशा अवस्थेत आठवण मुळात तयारच होत नाही. दारूच्या अमलाखाली स्मृती पूर्ण कोरी राहते तेव्हाही असंच होतं. तुकडे-तुकडे आठवत असतील तर एखाद्या खुणेनं आणखी काही जोडले जाऊ शकतात, पण जे साठलंच नाही ते परत येत नाही. म्हणजे खऱ्या आयुष्यात त्या बाईला आपण काय केलं ते बाहेरून कळलं असतं: सिंकमधल्या भांड्यावरून, स्वयंपाकिणीच्या नजरेवरून, औषधाच्या कमी झालेल्या गोळ्या मोजून. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच गोळा करणारी नर्स! ती कादंबरी मी एका बैठकीत वाचली असती. शिवाय दुधात मोजून औषध घालणं हे झोपेत चालणाऱ्या बाईचं काम वाटत नाही, ते योजलेलं काम आहे. गोळ्या आणि योजना, दोन्ही सबबी लेखकानं एकदमच वापरल्या आहेत.

आता अनुवाद. इथे मात्र मी तुम्हाला थोडं थांबायला सांगेन, कारण दोष मूळ लेखकाचा नसून मधल्या प्रवासाचा असू शकतो. संशयास्पद निवेदकाची सगळी भिस्त कच्च्या, डळमळीत वाक्यांवर असते. 'मी दार लावलं असावं', 'बहुतेक मी तेव्हा झोपले होते', 'मला आठवतं त्याप्रमाणे'. घाईत केलेल्या अनुवादात पहिला बळी याच वाक्यांचा जातो. वाक्य सुटसुटीत करण्याच्या नादात 'मी दार लावलं', 'मी झोपले' असं होतं. मुळातली प्रामाणिक खूण मराठीत सरळसरळ खोटी होते आणि शिव्या लेखकाला बसतात. तुमच्या तिसऱ्या प्रकरणातल्या वाक्यांबाबत आणखी एक शक्यता आहे. मराठीत साधा वर्तमानकाळ सवयही सांगतो. 'दहाला मी दिवा मालवते' हे रोजच्याबद्दलही असू शकतं. मुळात ते नित्यक्रमाचं वर्णन असेल आणि अनुवादात 'रोज' किंवा 'एरवी' गळलं असेल, तर लेखकानं तुमच्याशी खोटं बोललेलं नाही. या एका शंकेसाठी मी मूळ इंग्रजी प्रत उघडून पाहिल्याशिवाय राहिले नसते.

उलट्या बाजूनं आपली भाषा अशा कथांना भारी अडचणीतही टाकते. इंग्रजी निवेदक आपण पुरुष की बाई हे सबंध पुस्तकभर लपवू शकतो. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' इथेच भांडं फुटतं. मात्र सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या मागे जातो: 'मी दार उघडलं, चहा केला, पत्र वाचलं' यातून निवेदक कोण ते कळत नाही. अनुवाद तपासताना मी हे फार बारकाईनं पाहते. चांगला अनुवादक अशा ठिकाणी 'गेलो-आलो-बसलो' टाळून पानंच्या पानं काढतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मराठीत निवेदकावर शंका घ्यायची सवय आपल्याला रहस्यकथांपेक्षा इतर कादंबऱ्यांनी जास्त लावली, असं माझं मत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून वाचकांच्या पिढ्या घडवल्या, पण तिथे आपला संशय पात्रांवर असायचा, सांगणाऱ्यावर नाही. त्याच्याही आधी, १८९०च्या दशकात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून येत होती, तेव्हा लहानग्या यमूला मोठ्यांच्या वागण्यातलं जे उमगत नव्हतं ते वाचकांना उमगत होतं. निवेदिका प्रामाणिक, पण तिच्यापेक्षा आपल्याला जास्त दिसतं. १९५९च्या 'ययाति'मध्ये खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना आपापली बाजू मांडू दिली. ययाती स्वतःच्या सुखलोलुपतेला कारणं देत राहतो आणि ती ऐकता ऐकता आपण त्यालाच जोखत जातो. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर घासून पाहता येतं, म्हणजे माझ्या पानाची उजवी बाजू तिथे आपोआप भरलेली असते. तुम्ही या दोन्ही वाचल्या असतील तर संशयास्पद निवेदक कसा वाचायचा हे तुम्हाला येतंच. मैत्रिणींचं "तुला कळलं नाही" मनावर घेऊ नका.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मी तुमच्या बाजूनं गृहीत धरणार नाही. 'शेवटचं पान तुम्हाला हादरवून टाकेल' असं मुखपृष्ठावर छापलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून बसलेला वाचक पहिल्या पानापासून धक्क्याची वाट पाहतो. तो झपाट्यानं वाचतो आणि मधल्या बारक्या खुणा ओलांडून जातो. स्वयंपाकिणीचं मी सुचवलेलं वाक्य त्या पुस्तकात कुठेतरी असेलही आणि तुमच्या हातून सुटलंही असेल. म्हणून निकाल पक्का करण्याआधी एकदा परत वाचा. सगळं नको. ज्या ज्या ठिकाणी नर्सखेरीज दुसरं कुणी बोलतं, तेवढीच पानं पेन्सिल घेऊन वाचा. प्रत विकत घ्यायची गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून मोफत ग्रंथालयांची जी सोय उभी केली, तिचा लाभ आपण बडोदेकरांनी घ्यायला हवा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही कपाटं धुंडाळा, मूळ प्रत मिळाली तर उत्तम.

आणि मैत्रिणींना वाद घालण्याऐवजी एकच विचारा: "बहीण हयात नाही, हे शेवटाआधी कळायची जागा पुस्तकात कुठे आहे?" त्यांनी एखादी जागा दाखवली तर ती प्रामाणिकपणे पाहा, आणि ती खरोखर धरण्यासारखी असेल तर तुमचं मत बदला. "तसं काही नाहीये, पण शेवट कसला भारी आहे ना" असं उत्तर आलं, तर त्यांना धक्का आवडला आणि तुम्हाला गोष्ट हवी होती, एवढाच फरक. दोघींनाही आपलं म्हणणं सोडायची गरज नाही.

मूळ प्रत हाती लागली तर तिसऱ्या प्रकरणातली ती तीन वाक्यं इंग्रजीत कशी आहेत ते इथेच उत्तरात लिहा. 'रोज' गळलं आहे की नाही ते लगेच सांगता येईल, आणि गळलं असेल तर लेखकाबद्दल मी वर जे कडक लिहिलं आहे त्यातलं पुष्कळसं मागे घेईन.